लिनक्सवर लॅन स्लो चालतंय? वायरपासून सुरुवात करून दोष कसा शोधायचा

मागच्या लग्नसराईच्या तोंडावर सांगलीतल्या एका मित्राचा फोन आला. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे एका कोपऱ्यात जुनं मशीन डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून सर्व्हर म्हणून ठेवलंय, आणि एका लग्नाचं ६४ जीबीचं मेमरी कार्ड एडिटिंगच्या पीसीवरून त्या सर्व्हरवर टाकायला दीड दीड तास लागत होता. "अरे नेटवर्क कार्ड गिगाबिट आहे, स्विचपण गिगाबिट घेतला, मग घोडं अडलंय कुठे?" असं तो विचारत होता, आणि तोपर्यंत त्याने नेटवरून मिळालेल्या दहा-बारा ओळी सर्व्हरच्या सेटिंगमधे टाकूनही झाल्या होत्या, ज्यातली एक ओळ काय करते हे त्याला माहीत नव्हतं आणि तीच पुढे आम्हाला नडली, ते येईलच खाली.

लिनक्सवर नेटवर्क कार्ड स्लो आहे म्हणून कोणी विचारलं की लोक लगेच कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंगा बदलायला सांगतात, बफर वाढव, अमुक बंद कर, तमुक चालू कर. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. घरात नाहीतर छोट्या ऑफिसात स्पीड कमी असेल तर कर्नलच्या डिफॉल्ट सेटिंगांमुळे ते क्वचितच असतं, बहुतेक वेळा वायर, जॅक, पोर्ट, नाहीतर ड्रायव्हर यातच काहीतरी निघतं. म्हणून खालून वर जायचं, आधी वायर मग लिंक मग कार्ड मग ड्रायव्हर आणि सेटिंग सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलायच्या आधी मोजायचं आणि बदलल्यावर परत मोजायचं. हे कंटाळवाणं वाटतं खरं पण याच्याने वेळ वाचतो.

एक सूचना आधीच देतो. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. लहान आणि मोठ्या अक्षरात फरक पडतो, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलंय. आणि कार्डाचं नाव मी सगळीकडे ईएनपी३एस० धरलंय, तुमच्याकडे वेगळं असेल, "आयपी लिंक" एवढं टाइप केलं की खरं नाव दिसतं.

पहिलं काम, नीट मोजणं

ब्राउझरमधला स्पीडटेस्ट इथे कामाचा नाही कारण त्यात तुमची इंटरनेटची लाइन, राउटर, समोरचा सर्व्हर सगळंच येतं. फाइल कॉपी करून बघणंही पुरेसं नाही, त्यात दोन्हीकडच्या डिस्क येतात. नुसतं नेटवर्क मोजायचं असेल तर आयपर्फ३ टाका, डेबियन-उबुंटूमधे "सुडो एपीटी इन्स्टॉल आयपर्फ३" केलं की येतं. सर्व्हरवर

आयपर्फ३ -एस

आणि दुसऱ्या मशीनवर

आयपर्फ३ -सी १९२.१६८.१.१० -टी ३०

म्हणजे ३० सेकंद टेस्ट चालते. यात डेटा क्लायंटकडून सर्व्हरकडे जातो. उलट्या दिशेने बघायला त्याच कमांडला शेवटी -आर लावा, हा आर मोठा. दोन्ही दिशा बघायच्याच, हे वगळू नका, कारण बरेचदा एक दिशा टकाटक असते आणि दुसरीच मार खाते आणि तो फरकच दोष कुठे आहे ते सांगतो. फायरवॉल असेल तर ५२०१ पोर्ट उघडावा लागेल.

आता आकडे कसे वाचायचे. आयपर्फ मेगाबिटमधे सांगतं, फाइल कॉपीची खिडकी मेगाबाइटमधे, म्हणजे मधे ८ चा भागाकार. गिगाबिट लिंकवर १५०० च्या एमटीयूने (एमटीयू म्हणजे एका पॅकेटचं कमाल माप, बाइटमधे) टीसीपीला जास्तीत जास्त साधारण ९४० मेगाबिट मिळतात, पूर्ण १००० कधीच नाही, कारण प्रत्येक पॅकेटमागे हेडर आणि दोन पॅकेटमधली मोकळी जागा यात थोडं जातंच. म्हणजे ९४१ दिसलं तर नेटवर्क एकदम ओके आहे, त्याच्या मागे लागू नका, फाइल तरीही हळू जात असेल तर डिस्ककडे नाहीतर सांबाकडे (नेटवर्कवर फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) बघा. आणि ९४ दिसलं तर समजायचं की लिंक १०० मेगाबिटवर बसलीय. मित्राच्या दीड तासाचं गणित केलं तर सेकंदाला साधारण पावणेबारा मेगाबाइट येतात, म्हणजे ९४ मेगाबिट, त्यामुळे फोनवरच मला शंका आली होती. तिथे जाऊन आयपर्फ लावलं तर ९४, अगदी स्थिर, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. हा स्थिरपणा पण लक्षात ठेवा. लिंकच कमी स्पीडवर असेल तर आकडा भिंतीसारखा एकाच जागी उभा राहतो आणि पॅकेट हरवत असतील तर तो वरखाली उड्या मारतो, आणि आयपर्फच्या आरईटीआर नावाच्या कॉलममधे आकडे वाढत जातात. तो कॉलम म्हणजे परत पाठवायला लागलेली पॅकेट.

लिंक कितीवर बसलीय

आता सगळ्यात उपयोगी हत्यार, इथटूल.

सुडो इथटूल ईएनपी३एस०

यात स्पीड, डुप्लेक्स, ऑटो-निगोशिएशन आणि लिंक डिटेक्टेड अशा ओळी असतात. डुप्लेक्स फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे एका वेळी एकच, आणि ऑटो-निगोशिएशन म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात स्पीड ठरवणं. स्पीड १००० आणि डुप्लेक्स फुल हवं. स्पीड १०० दिसलं तर त्याच आउटपुटमधे वर जाऊन दोन याद्या बघा, एक आपलं कार्ड काय काय करू शकतं म्हणून जाहीर करतंय ती, आणि दुसरी "लिंक पार्टनर" म्हणजे समोरचा स्विच काय जाहीर करतोय ती. काही ड्रायव्हर ही दुसरी यादी दाखवत नाहीत, पण दाखवली तर अर्धं काम झालं. समोरच्याच्या यादीत १००० नसेलच तर स्विचचा किंवा राउटरचा तो पोर्टच १०० चा आहे, आणि स्वस्त राउटरांमधे हे अजूनही सर्रास असतं, वायफायचे मोठे आकडे खोक्यावर छापलेले पण मागचे लॅन पोर्ट फास्ट इथरनेट. दोन्ही याद्यांत १००० आहे आणि तरी स्पीड १०० आहे, तर ९० टक्के वायर.

कर्नल स्वतःसुद्धा कधीकधी हे सांगतो. "सुडो डीमेसेज" (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) करून त्यात कार्डाचं नाव शोधा, नव्या कर्नलांमधे "डाउनशिफ्ट ऑकर्ड" असं म्हणून १ गिगाबिट ठरलं होतं पण प्रत्यक्षात १०० वर आलोय, केबल तपासा अशा अर्थाची ओळ येते. आमच्याकडे ती आलेली होती, महिनोन्महिने प्रत्येक बूटला येत होती, कोणी लॉग उघडून बघितलाच नव्हता.

वायरमुळे स्पीड नेमका १०० च का होतो, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. लॅनच्या वायरीत ८ तारा म्हणजे ४ जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, जॅकमधल्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणजे ४, ५, ७, ८ पैकी एक जरी तार तुटली, सैल झाली किंवा जॅकमधे पोचलीच नाही, तर नेट चालू राहतं, लाइट लुकलुकतो, सगळं ठीक दिसतं, फक्त स्पीड दहापट कमी.

स्टुडिओत आम्ही सर्व्हरच्या मागचा जॅक काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून रंग मोजले, पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, मग एक मोकळी खाच, अजून एक मोकळी खाच, हिरवी, आणि पुढे परत दोन मोकळ्या. निळी आणि तपकिरी जोडी जॅकच्या मागे कापून दुमडून टाकलेली होती. दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं तर कळलं, ज्याने वायरिंग केलं त्याने एकाच केबलच्या चार जोड्यांतून दोन कनेक्शन काढलेली, दोन जोड्या सर्व्हरला आणि उरलेल्या दोन काउंटरवरच्या बिलिंगच्या पीसीला. त्या काळी सगळंच १०० चं होतं त्यामुळे ते चालून गेलं, केबलचे पैसे वाचले, आणि नंतर स्विच बदलला तरी वायर तीच राहिली. आपल्याकडे जुन्या दुकानांत, सोसायट्यांत हे खूप बघायला मिळतं, म्हणून जॅक काढून रंग मोजायला लाजू नका, दोन मिनिटांचं काम आहे. पूर्ण क्रम असा असतो, पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

वायर बदलून बघायची सोपी पद्धत म्हणजे भिंतीतली वायर बाजूला ठेवून एक कंपनीची तयार दोन मीटरची पॅच कॉर्ड घ्यायची, मशीन उचलून स्विचजवळ न्यायचं आणि थेट जोडायचं. स्पीड १००० झाला तर कार्ड निर्दोष, भिंतीतली वायर दोषी, विषय संपला. नवीन वायर घेताना कॅट ५ई पुरते, गिगाबिटला कॅट ६ लागतेच असं नाही, लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, पण तांब्याचीच घ्या. बाजारात अर्ध्या किमतीत मिळते ती बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तिला सीसीए म्हणतात, एखाद्या तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरट दिसलं तर ती सीसीए. तिचा रेझिस्टन्स जास्त आणि दोन-तीनदा वाकवली की आत तुटते, लांब अंतराला तर नकोच. ट्यूबलाइटच्या चोकला किंवा मोटरच्या वायरीला चिकटवून लॅनची वायर नेऊ नका हेही इथेच सांगतो.

काही कार्डांवर "सुडो इथटूल --केबल-टेस्ट ईएनपी३एस०" चालतं, कुठली जोडी तुटलीय आणि साधारण किती मीटरवर ते सांगतं. सगळ्या कार्डांवर नाही चालत, पण चाललं तर सोन्याहून पिवळं.

इथे एक चूक लोक हमखास करतात. स्पीड १०० दिसला की इथटूलने जबरदस्तीने १००० करायला जातात, ऑटो-निगोशिएशन बंद करून. करू नका. तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन असावंच लागतं, ते नियमातच आहे. आणि १०० वर एका बाजूने फुल डुप्लेक्स जबरदस्तीने लावलं आणि दुसरी बाजू ऑटोवर ठेवली तर ऑटोवालीला समोरचं डुप्लेक्स कळत नाही, ती हाफ डुप्लेक्स धरून चालते, आणि मग पिंग एकदम छान येतो पण मोठी फाइल टाकली की स्पीड कोसळतो. असा प्रकार दिसला, पिंग उत्तम आणि कॉपी भिकार, तर आधी दोन्हीकडे डुप्लेक्स बघा.

एररचे आकडे

लिंक १००० वर आहे तरी स्पीड ३००-४०० मधे उड्या मारतोय, अशा वेळी

आयपी -एस -एस लिंक शो ईएनपी३एस०

बघा, आणि टेस्ट चालवून परत बघा. आकडा किती आहे याला महत्त्व नाही, टेस्ट चालू असताना तो वाढतोय का याला आहे, कारण हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, मागे कधीतरी वायर हलली तेव्हाचे पण त्यात असतील. सीआरसी (खराब होऊन आलेल्या पॅकेटचा आकडा) वाढत असेल तर पॅकेट वायरीतच खराब होतायत, म्हणजे परत वायर, जॅक, किंवा पोर्ट. ड्रॉप्ड किंवा मिस्ड वाढत असेल तर वायर ठीक आहे, पॅकेट मशीनपर्यंत धड पोचलं पण मशीनला ते उचलायला वेळ झाला नाही, म्हणजे सीपीयू किंवा बफर. या दोन्हींचा उपाय पूर्ण वेगळा आहे त्यामुळे हा फरक ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका. अजून तपशील हवा तर "इथटूल -एस" करा, यात एस मोठा, कार्डाप्रमाणे लांबलचक यादी येते.

कार्ड, स्लॉट आणि ड्रायव्हर

एलएसपीसीआय -एनएनके

यात इथरनेट कंट्रोलरची ओळ शोधा, खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" पुढे ड्रायव्हरचं नाव येतं. आपल्याकडच्या बहुतेक मदरबोर्डवर रिअलटेकची चिप असते आणि तिला कर्नलमधलाच आर८१६९ ड्रायव्हर लागतो. कंपनीचा स्वतःचा वेगळा ड्रायव्हर आहे, आर८१६८, आणि २.५ गिगाबिटच्या चिपसाठी आर८१२५. जुन्या सल्ल्यांमधे डोळे झाकून "आर८१६९ काढ आणि आर८१६८ टाक" असं सांगितलेलं असतं. आजच्या घडीला मी आधी ते करत नाही. कर्नलमधला ड्रायव्हर आता पुष्कळ सुधारलाय, २.५ गिगाबिटच्या ८१२५ चिपलाही ५.४ पासूनच्या कर्नलमधे सपोर्ट आहे, त्यामुळे आधी कर्नल नवा करून बघा. शिवाय फर्मवेअर बघा, डीमेसेजमधे आरटीएल_एनआयसी असं काही लोड झालं नाही म्हणून तक्रार असेल तर डेबियनमधे फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज टाका, डेबियन १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर या विभागात मिळतं.

हे सगळं करूनही लिंक मधेच पडत असेल, तेवढ्या वेळी कंपनीचा ड्रायव्हर डीकेएमएसने (नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप परत बांधणारी सोय) टाकून बघायला हरकत नाही. पण दोन गोष्टी. एक, सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही आणि मशीनला नेटवर्कच उरत नाही. दोन, हे काम कधीही एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने आत शिरून, करू नका, मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड लावून समोर बसून करा. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नेटवर्कवरून बदलायला गेलं की आपण बसलोय तीच फांदी तोडल्यासारखं होतं.

इंटेलच्या कार्डांवर ई१०००ई ड्रायव्हर असेल आणि लॉगमधे "डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग" अशी ओळ येऊन मधेच काही सेकंद सगळं थांबत असेल तर तो माहीत असलेला प्रकार आहे, तिथे टीएसओ आणि जीएसओ (पाठवायचा डेटा मोठ्या गठ्ठ्यात हाताळणाऱ्या सोयी) बंद केल्याने बऱ्याच जणांचं काम झालंय. ते कसं करायचं ते खाली आहे. पण ही ओळ लॉगमधे असेल तरच.

वेगळं कार्ड स्लॉटमधे लावलेलं असेल तर स्लॉटची क्षमताही बघायची. "सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही" मधे लिंकस्टा (स्पेलिंग एल-एन-के-एस-टी-ए) म्हणून ओळ असते. पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एक लेन साधारण २ गिगाबिटच वाहू शकते, दुसऱ्या पिढीची ४. गिगाबिट कार्डाला चालतं, पण १० गिगाबिटचं कार्ड छोट्या एक लेनच्या स्लॉटमधे बसवलं तर ते १० कधीच देणार नाही, कितीही सेटिंगा करा. ओळीत "डाउनग्रेडेड" लिहिलेलं दिसलं तर कार्ड काढून सोन्याच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसून नीट बसवून बघा, मशीन बंद करून अर्थात.

यूएसबीचा लॅन अडॅप्टर असेल तर "एलएसयूएसबी -टी" करा. त्याच्यासमोर ५०००एम हवं. ४८०एम दिसलं तर तो यूएसबी २ वर बसलाय, मग त्याला गिगाबिट मिळणं शक्यच नाही. पोर्ट बदला, मधला हब काढा. रास्पबेरी पाय ३बी+ वाल्यांनी तर ३०० मेगाबिटच्या वर अपेक्षाच ठेवू नये, त्यावर गिगाबिट पोर्ट आहे पण आतून तो यूएसबी २ वरूनच येतो, खरं गिगाबिट पाय ४ पासून मिळतं.

वीज वाचवायच्या सोयी

कार्ड रिकामं असताना झोपायला जातं आणि उठताना अडखळतं, असाही एक त्रास असतो. लक्षण असं, मोठी फाइल ठीक जाते पण छोट्या छोट्या फाइलींना वेळ लागतो, पिंगमधे मधेच एखादा आकडा वाढलेला, किंवा लिंक काही तासांनी पडून परत येते. वायरच्या लॅनवर घरातल्या राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवा. असं असेल तर ईईई ही वीज वाचवायची सोय बंद करायला "सुडो इथटूल --सेट-ईईई ईएनपी३एस० ईईई ऑफ" करून एक दिवस बघा. फरक नाही पडला तर बूटच्या ओळीत "पीसीआयई_एएसपीएम=ऑफ" घालून बघा, हे फक्त टेस्ट म्हणून, लॅपटॉपवर याने बॅटरी लवकर संपते. फरक नाही पडला तर दोन्ही परत होतं तसं करा.

सीपीयू आणि ऑफलोड, जिथे आम्ही दुसऱ्यांदा अडकलो

स्टुडिओतली नवी वायर ओढली, इथटूलमधे स्पीड १०००, मित्र खूश. आयपर्फ लावलं, सर्व्हरकडून पीसीकडे ९४१. उलट दिशेने, म्हणजे पीसीकडून सर्व्हरकडे, जी दिशा त्याला खरी लागते, तिथे ६१० च्या आसपास. एकही सीआरसी एरर नाही. लिंक १०००. एकच दिशा मार खातेय आणि ती सर्व्हरने घ्यायची दिशा आहे.

सर्व्हरवर "टॉप" उघडलं आणि कीबोर्डवर १ दाबलं, म्हणजे प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. टेस्ट चालू केली की एका कोअरच्या ओळीत एसआयच्या पुढचा आकडा ९८-९९ ला जायचा आणि खाली केसॉफ्टआयआरक्यूडी नावाची प्रोसेस वर यायची, दुसरा कोअर मात्र जवळपास रिकामा. एसआय म्हणजे पॅकेट उचलण्यात गेलेला वेळ. जुना, कमी ताकदीचा दोन कोअरचा प्रोसेसर आहे हे मान्य पण गिगाबिटला एवढा घाम फुटायला नको.

मग ऑफलोड (सीपीयूचं ओझं कमी करणाऱ्या सोयी) बघितले.

इथटूल -के ईएनपी३एस०

के लहान असेल तर नुसतं दाखवतो, मोठा असेल तर बदलतो. यादीत जेनेरिक रिसीव्ह ऑफलोड म्हणजे जीआरओ, ऑफ. हे डिफॉल्टला ऑन असतं. याचं काम साधं आहे, दीड दीड हजार बाइटची आलेली पॅकेट एकत्र जोडून मोठा गठ्ठा करून वर पाठवायचा, म्हणजे सीपीयूला प्रत्येक पॅकेटसाठी सगळी प्रक्रिया वेगळी करावी लागत नाही. ते बंद केल्यावर सेकंदाला ८० हजाराच्या वर पॅकेट एकेक करून निस्तरायची वेळ त्या गरीब प्रोसेसरवर आली होती. बंद कोणी केलं? ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमधे शेवटी पोस्ट-अप म्हणून एक ओळ होती, मित्राने नेटवरून घेऊन टाकलेली, जीआरओ बंद करणारी. ज्याने ती लिहिली त्याच्याकडे कदाचित राउटर असेल, त्याची अडचण वेगळी असेल, त्याच्यासाठी ती बरोबरही असेल. इथे ती नको होती.

सुडो इथटूल -के ईएनपी३एस० जीआरओ ऑन

इथे के मोठा. परत आयपर्फ, ९४०. टॉपमधे एसआय निम्म्याच्या खाली. बाकीच्या पेस्ट केलेल्या ओळीही मग काढल्या, एकेक करून, प्रत्येकीनंतर मोजून, कशानेच आकडा बदलला नाही, म्हणजे त्या नुसत्याच पडून होत्या.

तुमच्याकडे ऑफलोड सगळे चालू आहेत आणि तरी एकच कोअर भरतोय, तर "कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स" मधे कार्डाचे इंटरप्ट (पॅकेट आलं म्हणून कार्डाने सीपीयूला मारलेल्या हाका) कुठल्या कोअरवर जातायत ते बघा. कार्डाला एकच रांग असेल तर आरपीएस वापरून कर्नलला ते काम बाकीच्या कोअरवर वाटायला सांगता येतं, त्यासाठी /सिस/क्लास/नेट खाली कार्डाच्या क्यूज फोल्डरमधे आरएक्स-० मधल्या आरपीएस_सीपीयूज या फाइलमधे कोअरचा मास्क लिहायचा, दोन कोअर असतील तर ३, चार असतील तर एफ. आणि ड्रॉप्ड वाढत असतील तर "इथटूल -जी" ने रिंग (कार्डाची पॅकेट साठवायची जागा) बघा, जास्तीत जास्त ४०९६ आणि सध्या २५६ असं काही दिसलं तर मोठ्या जीने आरएक्स वाढवून बघा, सगळी कार्डं हे करू देत नाहीत.

बफर आणि सिसकंट्रोल, कधी लागतात

सिसकंट्रोल म्हणजे कर्नलच्या सेटिंगा बदलायची कमांड. घरच्या लॅनमधे ती जवळपास कधीच लागत नाही. कारण टीसीपीचा बफर लागतो तो स्पीड गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ एवढा. लॅनवर तो वेळ अर्धा मिलिसेकंद धरला तर गिगाबिटला ६०-६५ केबी पुरतात, आणि लिनक्स स्वतःहून घ्यायचा बफर बहुतेक मशीनवर ६ एमबीपर्यंत वाढवतो. मग तिथे अजून वाढवून काय मिळणार.

लांबच्या अंतराला मात्र गणित फिरतं. माझी बहीण न्यू जर्सीत असते, तिच्या घरातल्या मशीनवर मी घरच्या फोटोंचा बॅकअप टाकतो, पिंग २२० मिलिसेकंदांच्या आसपास. तिथे ६ एमबीचा बफर सगळाच्या सगळा कामी आला असं धरलं तरी एका कनेक्शनला सेकंदाला २७ एमबीच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात त्यातला काही भाग कर्नल स्वतःच्या हिशोबासाठी ठेवतो त्यामुळे कमीच मिळतं. अशा ठिकाणी घेणाऱ्या मशीनवर नेट.आयपीव्ही४.टीसीपी_आरमेम आणि पाठवणाऱ्यावर टीसीपी_डब्ल्यूमेम या तीन-तीन आकड्यांच्या सेटिंगमधला फक्त शेवटचा आकडा वाढवायचा, पहिले दोन तसेच ठेवायचे. आणि मधे थोडी पॅकेट हरवत असतील तर पाठवणाऱ्या मशीनवर कंजेशन कंट्रोल (किती वेगाने पाठवायचं ते ठरवणारी पद्धत) क्युबिकऐवजी बीबीआर करून बघा, कर्नल ४.९ पासून ते आहे आणि फक्त पाठवणाऱ्या बाजूलाच लागतं. माझ्याकडे बीबीआरने बफरपेक्षा जास्त फरक पडला.

एमटीयूबद्दल थोडक्यात. जंबो फ्रेम म्हणून ९००० करायचा मोह होतो, पण लॅनमधल्या प्रत्येक मशीनला आणि स्विचला तो चालला पाहिजे, एकाला जरी चालला नाही तर काही गोष्टी उघडतात आणि काही लटकतात असा विचित्र प्रकार होतो. गिगाबिटला १५०० वर राहा. ब्रॉडबँड पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) असेल तर तिकडे १४९२ असतो, "पिंग -एम डू -एस १४६४" जातं आणि १४६५ अडतं असं दिसलं की तोच. या कमांडमधला एम मोठा, पुढे आयपी द्यायचा.

बदल टिकवणं

इथटूलने केलेले बदल रीबूटला उडतात. टेस्ट करताना ते चांगलंच आहे, काही बिघडलं तर मशीन परत चालू केलं की पूर्ववत. पण जो बदल खरोखर कामी आला तो टिकवायचा असेल तर नेटवर्कमॅनेजर असलेल्या मशीनवर "एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय" ने कनेक्शनमधे इथटूल.फीचर-जीआरओ सारखी सेटिंग घालता येते, डेबियनच्या साध्या सर्व्हरवर इंटरफेसेस फाइलमधे पोस्ट-अपची ओळ. ओळीच्या वर कॉमेंट टाका, तारीख, कशासाठी केलं, आधी आयपर्फ किती होतं आणि नंतर किती झालं. सहा महिन्यांनी तुम्हीच ती फाइल उघडाल तेव्हा काढायची का ठेवायची हे त्या कॉमेंटवरूनच कळेल. मग रीबूट करा आणि दोन्ही दिशांनी परत एकदा आयपर्फ लावा, सेटिंग खरंच टिकली का ते त्याशिवाय समजत नाही.

स्टुडिओत रीबूटनंतर ९४१ आणि ९४०. मग खरं ६४ जीबीचं कार्ड टाकलं, सुरुवातीला ११२ एमबी, थोड्या वेळाने ९० च्या आसपास, कारण सुरुवातीचे काही जीबी रॅममधे जमा होतात आणि नंतर डिस्क जेवढं लिहिते तेवढंच पुढे सरकतं, त्या जुन्या हार्डडिस्कची तेवढीच ताकद आहे. बारा मिनिटांत काम झालं. बिलिंगच्या पीसीला वेगळी वायर टाकली, आणि दोन्ही वायरींच्या दोन्ही टोकांना मित्राने पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने कुठून कुठे ते लिहून ठेवलं.